सुपर फंडातल्या युनिटचं कर्ज दुसरीकडे न्यायचंय, मदत हवी आहे (मेलबर्न)

नमस्कार मंडळी,

२०१७ मध्ये आम्ही नवराबायकोने स्वतःच चालवायचा सुपर फंड (इथला निवृत्तीचा फंड), म्हणजे एसएमएसएफ, काढला आणि त्यातून जिलाँगला दोन बेडरूमचं युनिट, म्हणजे फ्लॅट, घेतलं. कर्ज एका मोठ्या बँकेचं. पुढच्याच वर्षापर्यंत बहुतेक मोठ्या बँकांनी फंडांना नवीन कर्ज देणं बंद केलं आणि आमच्यासारखी जुनी गिऱ्हाइकं लोंबकळत राहिली. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने तीनदा दर उतरवला, तो आम्हालाही मिळाला. पण मुळात बँकेचं मार्जिनच, म्हणजे त्या दरावर ती लावते ती भर, जाड. घासाघीस करायला फोन केला तर "हे प्रॉडक्ट आम्ही आता विकत नाही" एवढंच उत्तर.

शिल्लक २,८६,००० डॉलर, दर ७.८४ टक्के, मुदत २२ वर्षं उरली आहे. ब्रोकरने एका बिगर-बँक कंपनीचं ६.६४ आणलंय. महिन्याचा हप्ता साधारण २,२७५ वरून १,८३५. ऐकून बायको खूश, मीही खूश.

रात्री एक्सेल उघडलं तेव्हा कळलं की ब्रोकरने मुदत गुपचूप ३० वर्षं धरली आहे. मी ५४ चा. म्हणजे ८४ व्या वर्षापर्यंत हप्ते! एकूण भरणा आजच्यापेक्षा सुमारे ५९ हजारांनी जास्त होतो. तोच दर आणि २२ वर्षंच ठेवली तर हप्ता २,०६५ च्या आसपास, आणि एकूण ५६ हजार वाचतात.

शिवाय फंडाला व्याजावर १५ टक्के करवजावट मिळते, व्याज घटलं की तीही घटते. पहिल्या वर्षी व्याजात ३,४०० वाचले तर करानंतर हातात २,९००. खर्च मात्र मूल्यांकन, जुन्या बँकेची डिस्चार्ज फी (कर्ज बंद करण्याची), ट्रस्ट डीड तपासणाऱ्या वकिलाची फी आणि आमच्या स्वतंत्र कायदेशीर सल्ल्याचं सर्टिफिकेट धरून ३,७०० च्या घरात. म्हणजे सव्वा वर्ष नुसती भरपाई.

खरी अडचण बेअर ट्रस्टच्या (कर्ज फिटेपर्यंत फंडासाठी युनिट स्वतःच्या नावावर धरून ठेवणारा ट्रस्ट) डीडची. मूळ प्रत ज्या अकाउंटंटकडे होती त्याने केव्हाच दुकान बंद केलं. माझ्याकडे फोनवर काढलेला फोटो आहे: सह्यांचं पान अर्धं सावलीत, आणि बायकोच्या सहीवर कुणाचा तरी अंगठा.

विचारायचं ते असं:
डीडच्या मूळ प्रतीशिवाय कुणाचं काम झालंय का? ब्रोकर म्हणतो, "नवीन बेअर ट्रस्टच करू." हे मला पटत नाही. आणि तो म्हणतो, वर २५ हजार उचलून किचन मोठं करा. हे तर नियमात बसतच नाही ना?

— — —

प्रतिसाद १:
दादा, किचनचं विसरा. कर्जाच्या पैशातून डागडुजी चालते, सुधारणा नाही. सुधारणा करायचीच तर फंडातल्या स्वतःच्या पैशाने, तीही मालमत्तेचं रूप पालटणार नाही इतपतच. आणि नवीन ट्रस्ट काढून टायटल (मालकीची नोंद) हलवलंत तर स्टँप ड्युटीचा प्रश्न उभा राहू शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. आमच्या वेळी डीडची प्रत खरेदीच्या वेळच्या कन्व्हेयन्सरकडे (खरेदीची कागदपत्रं करणारा) मिळाली. तुमच्या बँकेच्या फाइलमध्येही असायला हवी, त्याशिवाय २०१७ ला कर्ज दिलं कसं? आणखी एक: कर्ज दिल्यावर फंडात किती रोकड शिल्लक हवी हे नव्या कंपनीकडून लेखी घ्या. आमचं तिथेच अडलं होतं.

धागाकर्ता:
कन्व्हेयन्सर सुचलाच नव्हता! उद्या सकाळी फोन करतो. ब्रोकरला २२ वर्षांचं कोटेशन मागितलंय. दोन दिवस झाले, "हो हो, पाठवतो" चालू आहे.