समुपदेशक, विशेष शिक्षिका आणि ग्रंथपाल यांचं अप्रेझल शिक्षकांच्याच फॉर्मवर कसं भरायचं?

पर्यवेक्षिका_नाशिक

नमस्कार. मी एका सीबीएसई शाळेत पर्यवेक्षिका आहे, २२ वर्षं गणित शिकवलं, आणि यंदा पहिल्यांदाच स्टाफच्या अप्रेझलचं काम माझ्याकडे आलंय. शिक्षकांचं मला जमतं, मागच्या बाकावर बसून तास बघायचा, वह्या चाळायच्या, चार मुलांशी बोलायचं, कोण मनापासून शिकवतंय ते कळतंच. पण माझ्या यादीत तीन जण असे आहेत जे वर्ग घेतच नाहीत. समुपदेशक मॅडम, विशेष शिक्षिका (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या) आणि ग्रंथपाल सर. फॉर्म मात्र सगळ्यांना एकच, १०० मार्कांचा. पाठ टाचण, वर्गनियंत्रण, फलकलेखन, आणि विषयाच्या निकालाला तब्बल ३० मार्क.

मागच्या वर्षीची फाईल काढली तर समुपदेशक मॅडमना १०० पैकी ४१ दिलेले. का, तर जे रकाने त्यांना लागूच नव्हते तिथे शून्य टाकून बेरीज केली होती, आणि त्यावरून इन्क्रिमेंट कमी झालं. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. मला ते बघून फार वाईट वाटलं, कारण माझ्याच वर्गातली एक मुलगी जी दोन महिने शाळेत यायला तयार नव्हती ती त्यांच्यामुळे परत आली हे मला माहितीये, आणि फॉर्ममध्ये ते लिहायला जागाच नाही.

मी त्यांना म्हटलं एक सेशन बघायला बसू का, तर त्यांनी शांतपणे नाही म्हटलं. तेव्हा मला जरा लागलं, आता विचार करते तर वाटतं की त्यांचं बरोबरच होतं. पण मग मी बघू काय? जानेवारीच्या मीटिंगमध्ये मला प्राचार्यांपुढे काहीतरी पर्याय ठेवायचाय. ज्यांनी हे काम केलंय किंवा ज्यांचं असं मूल्यमापन झालंय त्यांनी प्लीज सांगा.

ठाण्याची_समुपदेशक

मॅडम, आधी तुमचे आभार मानते, ११ वर्षांत मला एकाही वरिष्ठांनी हा प्रश्न विचारलेला नाही.

सेशनला बसायचं नाही हे पक्कं. मूल ज्या क्षणी तिसरं माणूस बघतं त्या क्षणी ते गप्प होतं, आणि पुढच्या वेळी येत नाही. केस फाईलही तुम्ही उघडायची नाही. गुप्ततेला अपवाद आहेत, मुलाच्या जिवाला धोका असेल तर, आणि लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे समुपदेशकालाही सूट नाही आणि शाळेलाही नाही. पण अप्रेझल हा काही अपवाद नव्हे.

मग काय बघायचं? मुलांची नावं न बघता बघता येण्यासारखं खूप असतं. मूल पाठवल्यावर किती दिवसांत पहिली भेट झाली. पालकांना बोलावलं का, किती वेळा. बाहेर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर नंतर पाठपुरावा केला की चिठ्ठी देऊन विषय संपवला. आणि एक आकडा मी स्वतः गेली सहा वर्षं ठेवते, माझ्याकडे आलेल्यांपैकी किती मुलं कुणीतरी पाठवलेली आणि किती स्वतःहून आलेली. सुरुवातीला माझ्याकडे जवळजवळ सगळी पाठवलेलीच असायची, म्हणजे वर्गात त्रास देतो म्हणून शिक्षा म्हणून माझ्याकडे. आता निम्म्याहून जास्त मुलं स्वतः दार ढकलून येतात. मी माझं काम बरं करतेय का हे मला निकालापेक्षा यातून जास्त कळतं.

इथे एक मोठा घोळ होतो तो आधीच सांगते. चांगली समुपदेशक आली की केसेस वाढतात. कमी होत नाहीत. आमच्याकडे एका वर्षी संख्या दुप्पट झाली आणि मला मीटिंगमध्ये विचारलं, की तुम्ही आल्यापासून प्रॉब्लेम वाढले कसे? मी घरी जाऊन रडले होते. प्रॉब्लेम आधीपासून होतेच, फक्त कुणाला सांगावं हे मुलांना कळत नव्हतं.

अजून एक, दिवसातला किती वेळ त्यांना त्यांचं काम करायला मिळतो ते बघा. मला आठवड्याला ९ प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर शिक्षकांचे तास, लागायच्या, शिवाय बस ड्यूटी, शिवाय परीक्षेचं सुपरव्हिजन. आणि मग वर्षअखेरीला विचारणार की केसेस पूर्ण का नाही झाल्या.

वर्गशिक्षक_७ब

मी थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आमच्या शाळेतले समुपदेशक दार लावून बसतात आणि काही विचारलं की गोपनीय आहे म्हणतात. मूल माझ्या वर्गात दिवसाचे सहा तास असतं, त्याच्याशी कसं वागायचं एवढं तरी मला कळायला नको का? काम होतंय की नाही हेच समजत नाही. सगळंच गोपनीय म्हटलं तर मग कुणालाच कधीच प्रश्न विचारता येणार नाही.

ठाण्याची_समुपदेशक

सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि हे मूल्यमापनात यायलाच हवं. मुलानं काय सांगितलं ते मी तुम्हाला सांगणार नाही, पण "त्याला पुढचा महिनाभर सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, आणि मधल्या सुट्टीत तो एकटा असेल तर मला कळवा" इतकं सांगणं हे माझं कामच आहे. ज्या समुपदेशकाकडून शिक्षकाला असं काहीच मिळत नाही तिथे मार्क जायला हवेत, बिनधास्त. वर्गशिक्षकांना फक्त दोन प्रश्न विचारावेत, मूल पाठवल्यावर तुम्हाला उत्तर आलं का, आणि त्या उत्तराचा वर्गात उपयोग झाला का.

फिरती_विशेष_शिक्षिका

मी समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली कंत्राटी आहे, गटसाधन केंद्रातून शाळाशाळांत फिरते, म्हणून माझा अनुभव खाजगी शाळेपेक्षा वेगळा आहे पण दुखणं तेच. आमचं मूल्यमापन म्हणजे किती शाळांना भेटी, किती मुलांची नोंद पोर्टलवर, किती फोटो. एका मुलापाशी दीड तास बसले तर त्या दिवशीच्या भेटी कमी दिसतात आणि फोनवर विचारणा होते.

तुमच्या विशेष शिक्षिकेसाठी सांगते. प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, आयईपी म्हणतात तो, मागून घ्या. तो तुम्हाला बघता येतो आणि बघायलाच हवा. त्यात उद्दिष्टं कशी लिहिलीत ते वाचा. "वाचन सुधारणे" असं लिहिलं असेल तर ते उद्दिष्ट नव्हे. "जोडाक्षरं असलेला पाच ओळींचा उतारा मदतीशिवाय, पाच वेळांपैकी चार वेळा वाचेल" असं असेल तर तिला मूल माहितीये. मग सुरुवातीला मूल कुठे होतं आणि आता कुठे आहे हे त्याच मुलाशी तुलना करून बघायचं, वर्गाच्या सरासरीशी अजिबात नाही. माझ्याकडचा एक मुलगा वर्षभरात स्वतःचं नाव लिहायला आणि शौचाला जायचंय हे खुणेने सांगायला शिकला. त्याच्या आईला विचारा ते वर्ष कसं गेलं. निकालपत्रकात त्याच्या नावापुढे काहीही बदललेलं नाही.

दुसरं म्हणजे सवलतींची कागदपत्रं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे मिळतो पण त्यासाठी प्रमाणपत्र वेळेत लागतं, आणि त्या तपासण्यांना सरकारी रुग्णालयात नंबर लागायला महिनेच्या महिने जातात. जी शिक्षिका आठवी-नववीतच पालकांना समजावून, त्यांची "आमच्या मुलाला वेडा ठरवू नका" ही भीती काढून, प्रक्रिया सुरू करते तिचं ते काम मोजा. दहावीच्या डिसेंबरमध्ये धावपळ करणारी आणि ही, दोघी एकाच फॉर्मवर सारख्याच दिसतात.

आणि तिच्याकडे मुलं किती आहेत ते आधी मोजा. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ ला प्राथमिकला १० मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक. तुमच्याकडे एकटीवर ४० असतील तर आधी ते लिहा, मग तिचे मार्क.

अर्धवेळ_ग्रंथपाल_सातारा

ग्रंथपालांबद्दल कुणी लिहीत नाहीये म्हणून लिहितो. राज्यातल्या अनुदानित शाळांत वर्षानुवर्षं पद्धत अशी, की विद्यार्थी हजाराच्या वर असले तर पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याखाली अर्धवेळ, आणि पाचशेच्याही खाली असेल तर बहुतेक ठिकाणी कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे. मी अर्धवेळ आहे, १४ वर्षं. माझं काम बघायला कोणी आलं तर दाखल नोंदवही पूर्ण आहे का, पुस्तकं गहाळ किती, एवढंच बघतात. गहाळ पुस्तकांची भीती घातली की ग्रंथपाल काय करतो सांगू का, कपाटाला कुलूप लावतो. एकही पुस्तक हरवत नाही आणि एकही वाचलं जात नाही, आणि शेरा येतो "उत्तम". मीही पहिली तीन वर्षं तेच केलं, आज त्याचं वाईट वाटतं, त्या तीन वर्षांतली मुलं तशीच गेली.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो सगळेच पाठवतात. तुम्ही फोटो बघू नका, मॅडम, फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन उभ्या राहा. किती मुलं आहेत, कुठल्या वर्गातली, सर त्यांच्याशी बोलतात का. देवघेव रजिस्टरमध्ये एकूण आकडा बघू नका कारण तीच ३० हुशार मुलं वर्षाला प्रत्येकी ४० पुस्तकं नेतात आणि आकडा छान दिसतो. वर्षभरात एकदाही पुस्तक न नेलेली मुलं किती, आणि ती मागच्या वर्षीपेक्षा कमी झाली का, हे बघा. थोडं हरवलेलं आणि फाटलेलं चालायला हवं असंही नव्या फॉर्मच्या वर लिहून ठेवा, नाहीतर कुलूप परत येईल.

निवृत्त_मुख्याध्यापक

नियमाचं थोडं सांगतो. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांसाठीच्या सेवाशर्ती नियमावलीत, १९८१ ची, गोपनीय अहवालाची तरतूद आहे. त्यात प्रतिकूल शेरा असेल तर तो कर्मचाऱ्याला लेखी कळवायचा असतो, आणि परिविक्षा (प्रोबेशन) काळातल्या माणसाच्या कामाचं वस्तुनिष्ठ मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवायची असते. तुमच्या मॅडमना ४१ मार्क मिळाले हे लेखी कळवलं होतं का ते तपासा. आणि "लागू नाही" म्हणजे शून्य नव्हे, तेवढे मार्क एकूण बेरजेतून वजा करून टक्केवारी काढायची, एवढी दुरुस्ती तर नवीन फॉर्म येईपर्यंत याच आठवड्यात करता येईल. मागच्या वर्षीचंही दुरुस्त करून मागा. माझ्या काळात प्रयोगशाळा सहायकांवर मी असाच अन्याय केलाय, नकळत, त्यांचा शेरा मी कारकुनांच्या बरोबरीने लिहायचो. विज्ञानाच्या शिक्षकांना एकदाही विचारलं नाही.

एडिसनहून

मी न्यू जर्सीत पब्लिक स्कूलमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे, मूळची सोलापूरची. इकडेही हाच वाद झाला. साधारण २०१० नंतर बऱ्याच राज्यांनी शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या टेस्ट स्कोअरशी जोडलं आणि मग प्रश्न आला की नर्स, काउन्सेलर, थेरपिस्ट यांचं काय. आमच्या व्यवसायाच्या अमेरिकेतल्या संघटनेने, आद्याक्षरांवरून आशा (ASHA) म्हणतात तिला, सरळ भूमिका घेतली की मुलांच्या स्कोअरवरून आमचं मूल्यमापन नको, आणि स्वतःची पद्धत बनवली. त्यात थेरपिस्ट आपल्या कामाचा पोर्टफोलिओ ठेवते, स्वतःच्या कामावर लिहिते, कोणीतरी येऊन बघतं आणि शिक्षक-पालकांना छोटी प्रश्नावली जाते. बऱ्याच ठिकाणी शार्लट डॅनियलसन यांची चौकट वापरतात, त्यात शिक्षकांचे चार भाग आहेत, आणि स्पेशलिस्ट लोकांसाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत ज्यात "अध्यापन" या भागाच्या जागी "सेवा देणं" येतं. फॉर्म पूर्ण नवीन न करता चालतं.

पण फॉर्म कितीही चांगला असला तरी भरणारा माणूस कोण हे महत्त्वाचं. माझं सेशन बघायला आलेल्या एका व्हाइस प्रिन्सिपलनी लिहिलं होतं की "विद्यार्थ्याने फार कमी बोलणं केलं". तो मुलगा तोतरा होता आणि त्या दिवशी आम्ही मुद्दाम थांबून, श्वास घेऊन बोलायचा सराव करत होतो. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना ते ओळखताच येत नव्हतं.

काउन्सेलरसाठी इकडची एक गोष्ट तुम्हाला उद्याच वापरता येईल. वर्षातून दोनदा, सलग पाच दिवस, त्या आपला वेळ कशात गेला ते लिहून ठेवतात. इथल्या काउन्सेलर संघटनेचं म्हणणं आहे की ८० टक्के वेळ मुलांच्या थेट किंवा मुलांसाठीच्या कामात जावा, आणि एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत. कुठे ही संख्या आणि कुठे आपल्याकडची, ते मला माहितीये, पण तो पाच दिवसांचा कागद प्राचार्यांपुढे ठेवला की प्रॉक्सींमध्ये किती वेळ जातो ते आपोआप दिसतं.

पर्यवेक्षिका_नाशिक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल तिघांनाही चहाला बसवून विचारलं की तुमचं काम बघायचं तर काय बघावं. समुपदेशक मॅडम पाच दिवसांची नोंद ठेवायला लगेच तयार झाल्या. ग्रंथपाल सर म्हणाले एकदाही पुस्तक न नेलेल्या मुलांची यादी त्यांच्याकडे आहे, कुणी मागितलीच नव्हती. १७३ मुलं. विशेष शिक्षिकेकडे ३४ मुलं आहेत, आणि मला वाटत होतं की १२.

एक अडचण राहिलीये. समुपदेशक मॅडमचं प्रत्यक्ष कौशल्य, म्हणजे त्या मुलाशी बोलताना बरोबर करतायत की नाही, ते तर यातल्या कशातच येत नाही. ते मी कसं बघू?

ठाण्याची_समुपदेशक

ते तुम्ही बघायचं नाही, मॅडम, आणि ते न जमणं यात तुमची काही चूक नाही. वर्षातून दोनदा बाहेरच्या अनुभवी मानसशास्त्रज्ञाला शाळेने मानधन देऊन बोलवा, मॅडम नाव-वर्ग झाकून तीन-चार केसेस त्यांच्यापुढे मांडतील, आणि ते तुम्हाला फक्त एवढंच लिहून देतील की काम योग्य पद्धतीने चाललंय आणि अमुक बाबतीत प्रशिक्षण हवं. आम्हाला असं बोलायला माणूस हवाच असतो, अप्रेझल नसतं तरीही. मी माझ्या खर्चाने जाते दर महिन्याला. तुमच्या शाळेने ते दिलं तर मॅडम शाळा सोडून जाणार नाहीत बघा.

पर्यवेक्षिका_नाशिक

मानधनाचं बजेटमध्ये टाकते. आणि मागच्या वर्षीचे ४१ आधी दुरुस्त करून घेते, निवृत्त मुख्याध्यापक सरांनी सांगितलं तसं. सोमवारी प्राचार्यांकडे जातेय.