पहिला स्वतःचा रेग्युलेटर घ्यायचाय, पिस्टन की डायफ्रॅम?

नेत्राणी_नाद
नमस्कार मंडळी, मी पुण्याचा. स्क्युबा डाइव्हिंगचं ओपन वॉटर (पहिला कोर्स) मागच्या सीझनला हॅवलॉकला केलं, यंदा अ‍ॅडव्हान्स्डपण झालं, आता नाद लागलाय तो काही सुटत नाही. जाणं होतं ते बहुतेक नेत्राणी (कर्नाटकातलं बेट) नाहीतर मालवण, आणि ऑफिसने सुट्टी दिली तर अंदमान. मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचं आहे, आता रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं यंत्र) घ्यावा म्हणतोय कारण भाड्याचा दर वेळी वेगळा येतो, कधी माउथपीस आधीच्याने चावून फाडलेलं, कधी प्रत्येक श्वासाबरोबर तोंडात खारट पाणी. बजेट 50-60 हजार, ऑक्टोपस (जोडीदाराला द्यायची जादा सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग) आणि गेज (टाकीतला दाब दाखवणारा काटा) धरून. (घरच्यांचं म्हणणं त्यात अख्खं कुटुंब फिरून येईल, ते असो.)

पण वाचून वाचून डोकं भंजाळलं राव. एक जण म्हणतो बॅलन्स्ड (टाकी रिकामी होत आली तरी श्वास जड न होणारा) नसेल तर हातपण लावू नको, दुसरा म्हणतो पिस्टन बेस्ट (आतला व्हॉल्व्ह पिस्टनने चालतो, डायफ्रॅम म्हणजे लवचीक पडद्याने नाही), तिसरा म्हणतो योक कशाला डिनच घे (टाकीला जोडायच्या दोन पद्धती). दुकानदाराने स्क्युबाप्रो एमके25 दाखवला, तो बजेटच्या वर जातोय. मला एवढ्याची गरज आहे का? सांगा कोणीतरी.

खारंवारं
मालवणात डाइव्हिंग शिकवतो, सीझनभर रोज हीच हत्यारं हातात असतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. पिस्टन-डायफ्रॅम नंतर बघू. आधी हे सांगा, तुमचा रेग्युलेटर उघडून सर्व्हिस कोण करणार? कारण फर्स्ट स्टेज (टाकीला लागणारा भाग) टाकीतली 200 बार दाबाची हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण 9-10 बार जास्त इथपर्यंत खाली आणते, मग तोंडातली सेकंड स्टेज ती तुम्हाला श्वास घेण्याजोगी करून देते, आणि हे सगळं काम आतल्या ओ-रिंग (रबरी कड्या) आणि सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो तो भाग) चालतं, त्या झिजतातच. काही कंपन्या वर्षाला सर्व्हिस सांगतात, काही दोन वर्षांनी किंवा 100 डाइव्हनंतर, मधे नुसती तपासणी. सर्व्हिस किट त्याच कंपनीचं लागतं आणि उघडणारा माणूस त्या मॉडेलवर शिकलेला लागतो. तुम्ही थायलंडहून झकास मॉडेल घेऊन आलात आणि इथे त्याचं किटच मिळत नसेल तर दोन वर्षांनी ते कपाटात शोभेला. म्हणून दुकानदाराला किंमत विचारायच्या आधी विचारा, किट स्टॉकमध्ये आहे का, किती दिवसात परत देता, किती घेता. यावर जो गुळमुळीत बोलेल त्याच्याकडे घेऊ नका.

आता तुमचा प्रश्न. एमके25 बॅलन्स्ड पिस्टन आहे, हवा भरभरून देतो, मशीन म्हणून एक नंबर. पण पिस्टनवाल्यांत स्प्रिंगची जागा बहुतेक पाण्याला उघडी असते, आणि आमच्याकडे खाडीच्या तोंडाला काय पाणी असतं तुम्ही पाहिलंच असेल, गाळ, बारीक वाळू, ते सगळं आत जाऊन बसतं आणि मीठ वाळून कडक होतं. रोज नीट धुणारा असेल तर काही बिघडत नाही, पण पुण्याला जायच्या घाईत बॅगेत कोंबणारा असेल तर बिघडतं. सील्ड डायफ्रॅममध्ये पाणी आत शिरतच नाही, उदा. स्क्युबाप्रोचाच एमके17 किंवा एपेक्सचे बरेचसे. तुमच्या वापराला मी तो म्हणेन.

बॅलन्स्ड नसलेलापण वाईट नाही हां. एमके2 साधा अनबॅलन्स्ड पिस्टन, जगभरातल्या डाइव्ह स्कूलमध्ये तोच ठोकतात, कारण आत भागच कमी. टाकी उतरत आली की श्वास थोडा जड होतो एवढंच. 12 मीटरवर निवांत मासे बघताना कळणारपण नाही, पण 30 मीटरवर हवा चौपट दाट, त्यात करंट आणि गेज 60 बारवर, तिथे कळतं. तुम्ही अ‍ॅडव्हान्स्ड केलंय म्हणजे खाली जाणारच, तर बॅलन्स्ड घ्या.

म्युनिकचा_बंड्या
वरच्यांशी सहमत, पण डिनबद्दल बोलू द्या. आमच्याकडे युरोपात सगळं डिनच. योकमध्ये ओ-रिंग टाकीच्या व्हॉल्व्हवर असते आणि वरून क्लॅम्प आवळायचा, डिनमध्ये ती रेग्युलेटरच्या आट्यांच्या टोकाला असते आणि अख्खा भाग व्हॉल्व्हच्या आत जाऊन बसतो, त्यामुळे धक्क्याने ओ-रिंग बाहेर फेकली जायची भीती जवळपास नाही. योक 232 बारपर्यंत, डिन 300 पर्यंत जातो. शिवाय डिनवर अ‍ॅडॉप्टर लावून योकच्या टाकीवर चालवता येतो, उलट जमवणं कठीण. मी डोळे झाकून डिन घेईन.

एक मात्र, कोल्ड वॉटर किटच्या नावाने तुमच्याकडे कोणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका. हवा पसरताना गार होते, आमच्या तळ्यांत 4-5 डिग्रीला फर्स्ट स्टेज गोठून फ्री-फ्लो (हवा आपोआप सुटत राहणं) सुरू होतो, युरोपियन नियमातपण 10 डिग्रीखालच्या पाण्यासाठी वेगळी चाचणी आहे. कोकणात पाणी 25 च्या वरच, तुम्हाला बर्फाचं काय पडलंय.

खारंवारं
@म्युनिकचा_बंड्या दादा तुमचं खरं, पण इकडे भारतात मी ज्या ज्या बोटीवर गेलो तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या 80 घनफूटवाल्या टाक्या आणि योकच. अ‍ॅडॉप्टर लावला की फर्स्ट स्टेज डोक्याकडे सरकतो आणि मान वर केली की डोक्याला टक्कन लागतो, दोन डाइव्हनंतर माणूस वैतागतो. आणि सील्ड म्हणजे फक्त थंडीसाठी असं नाही ना, मी गाळासाठीच म्हणतोय.

म्युनिकचा_बंड्या
गाळाचं मान्य. डोक्याला लागतंच का, ते टाकी किती उंच बांधली त्यावर आहे. डिनवर मी ठाम आहे 😄

अनुजा_वसई
तुमच्या भांडणात मधे पडते. फर्स्ट स्टेजवर एवढी चर्चा, पण तासभर तोंडात असते ती सेकंड स्टेज! माझा जबडा लहान, जड सेकंड स्टेज चावून धरून जबडा इतका दुखायचा की बोटीवर जेवण नको वाटायचं. छोटी हलकी घेतली, गरम पाण्यात मऊ करून दाताचा ठसा घेतात तसलं माउथपीस बसवलं, झालं काम. दुकानात नुसती बघू नका, तोंडात धरून मान दोन्हीकडे वळवा, होज (हवेची नळी) ओढतोय का बघा. रेग्युलेटर चेक-इन सामानात टाकू नका, केबिनमध्ये न्या. आणि वेणीसारख्या विणलेल्या होज दिसायला छान, गरम देशात काहींचं आतलं अस्तर खराब होऊन हवेचा रस्ता अडल्याची उदाहरणं आहेत, आणि ते बाहेरून दिसत नाही. मी साधा रबरच ठेवलाय.

नेत्राणी_नाद
बाप रे, सगळ्यांचे आभार. म्हणजे बॅलन्स्ड सील्ड डायफ्रॅम, योक (बंड्या सॉरी), हलकी सेकंड स्टेज. मुंबईत दोन ठिकाणी फोन केला, एकाकडे किट आहे म्हणाला, दुसरा "बाहेर पाठवून देतो" म्हणाला, म्हणजे समजलो. पण एक जण सेकंडहँड देतोय, फार वापरला नाही म्हणतो, निम्म्या किमतीत. घेऊ का?

खारंवारं
सर्व्हिसची पावती आहे का विचारा. नसेल तर सर्व्हिसचा पूर्ण खर्च किमतीत मिळवा, मग बघा स्वस्त पडतो का.

हातात आला की टाकी न लावताच, फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप घट्ट लावून, सेकंड स्टेजमधून श्वास ओढा. जराही हवा येता कामा नये. आली तर सेकंड स्टेजचा डायफ्रॅम किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (सोडलेला श्वास बाहेर जातो तो) फाटलाय, ते फार खर्चाचं नसतं. मग कॅप काढून हवा आत जाते तिथली छोटी जाळी बघा. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलंय, सरळ सोडून द्या. मग टाकी लावून, जमलं तर इन्फ्लेटरच्या (जॅकेटात हवा भरणाऱ्या) होजला आयपी गेज (फर्स्ट स्टेजनंतरचा दाब दाखवणारा) लावून काटा बघायचा. श्वास घेतल्यावर काटा येऊन थांबला तर ठीक, हळूहळू वर चढत राहिला तर हाय प्रेशर सीट गेलीय.

नवीन घेतला तरी धुताना डस्ट कॅप कोरडी करून लावा, आणि बादलीत बुडवलेला असताना सेकंड स्टेजवरचं पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबू नका, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये. बोटीवर रोज कोणीतरी करतंच.

अनुजा_वसई
आणि सर्व्हिसला जूनमध्ये टाका. पावसात इथलं डाइव्हिंग तसंही बंद, टेक्निशियन मोकळा असतो. सप्टेंबरच्या शेवटी सगळ्यांना एकदम आठवण होते आणि मग ऑक्टोबरची ट्रिप भाड्याच्याच रेग्युलेटरवर.