सुश्रुताची मर्मं आणि चिनी सुया: ॲक्युपंक्चर नक्की कुणाचं?

हळदवाले_सांगली

नमस्कार मंडळी. आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. प्रश्न आईचा आहे. वय ७१, दोन्ही गुडघे झिजलेत, जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी घेते. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, पण तिच्या मनाची अजून तयारी नाही. ओळखीतल्या एकांनी ॲक्युपंक्चर करून बघा म्हटलं.

घरात विषय निघाला आणि वेगळ्याच वाटेला लागला. मामा म्हणतात, हे मूळचं आपलंच, सुश्रुताच्या १०७ मर्मांवर, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांवर, सुया टोचायचे, बौद्ध भिक्षूंनी ते चीनला नेलं, आपण कान टोचतो तेही तेच. धाकटा भाऊ फार्मसीला आहे, त्याच्या मते सगळं थोतांड. आणि आई विचारते, "दुखतंय गुडघ्यात, मग हाताला सुई कशाला टोचतात रे?" बाकीच्यांचं राहू दे, तिला मला नीट उत्तर द्यायचंय. हे शास्त्र आलं कुठून आणि त्यामागचा विचार काय, कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा.

विश्रामबागकर

अनुभव सांगतो, इतिहास जाणकार सांगतील. माझा डावा खांदा जखडला होता, शर्टाच्या बाहीत हात जात नव्हता. मिरजेत सुया घेतल्या. डॉक्टरांनी आधी माझ्याच अंगठ्याची रुंदी बघितली आणि त्या मापाने जागा शोधल्या. खांद्यासाठी एक सुई नडगीच्या बाहेरच्या अंगाला होती, त्यामुळे तुमच्या आईंचा प्रश्न मलाही पडला होता. टोचलेलं जवळपास कळत नाही. नंतर सुई बोटांत धरून किंचित फिरवतात, तेव्हा आत खोलवर जडपणा येतो, ठणका म्हणावा तर तसाही नाही. डॉक्टर विचारत होते, "आलं का? आलं का?" तो जडपणा आला की मगच सुई तशी ठेवून द्यायचे. हात आता वर जातो. पण सोबत फिजिओचे व्यायामही चालू होते, त्यामुळे गुण कशाचा हे मी छातीठोक सांगणार नाही.

शारीर_सातारा

मी आयुर्वेद महाविद्यालयात रचनाशारीर शिकवलं, निवृत्तीनंतर साताऱ्यात असते. मर्मं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून जरा लांब लिहिते.

दादा, तुमच्या मामांना एक गोष्ट करायला सांगा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग दुसऱ्या हाताने दाबून बघा. तिथे सुश्रुताचं 'क्षिप्र' नावाचं मर्म आहे. सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात ते कालांतरप्राणहर मर्मांत मोजलंय, म्हणजे तिथे जखम झाली तर काही काळाने माणूस आचके येऊन दगावतो. चिनी वैद्यकात जवळपास त्याच जागेवर 'हगू' हा बिंदू आहे, आणि दातदुखी, डोकेदुखी, चेहऱ्याचं दुखणं यांसाठी तो सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या बिंदूंपैकी एक. जागा तीच, पण सुश्रुत म्हणतो इथे शस्त्र लागू देऊ नका आणि चिनी वैद्य म्हणतो इथेच सुई घाला. मर्मांची पूर्ण विभागणीच मुळी इजा झाल्यावर काय होतं यावर आहे: १९ ठिकाणी तत्काळ मृत्यू, ३३ ठिकाणी काही काळाने, ३ ठिकाणी आत रुतलेलं शल्य उपसलं की मृत्यू, ४४ ठिकाणी व्यंग, ८ ठिकाणी तीव्र वेदना. शल्यचिकित्सकाने हात कुठे सांभाळायचा याचं ते ज्ञान आहे, आणि त्या काळाच्या मानाने विलक्षण आहे. त्याला सुयांचा नकाशा म्हणणं म्हणजे सुश्रुताने जे खरोखर केलं त्यावरच पांघरूण घालणं.

कान टोचण्याचंही तसंच. सुश्रुताने त्याची कारणं स्वच्छ सांगितली आहेत, बाळाचं रक्षण आणि अलंकार. कानावर साऱ्या शरीराचे बिंदू दाखवणारे जे तक्ते आज दवाखान्यांत दिसतात, ते १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी मांडलेल्या पद्धतीवरून आले.

आता चीनकडे. हुनान प्रांतात मावांगदुई इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली एक कबर १९७३ मध्ये उघडली. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ मिळाले. शरीरातल्या ११ वाहिन्यांचं वर्णन त्यांत आहे, पण उपचार म्हणून शेक आहे, सुया नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वाहिन्यांची कल्पना आधी आणि सुया नंतर, असा क्रम त्यातून दिसतो. हबै प्रांतातल्या मानचंगला इ.स.पू. ११३ मध्ये वारलेल्या ल्यू शंग या राजपुत्राच्या कबरीत सोन्याच्या आणि चांदीच्या सुया सापडल्या. त्याच सुमाराच्या शतकांत 'हुआंगदी नेइजिंग' हा ग्रंथ आकाराला आला. त्याच्या 'लिंगशू' या भागात पहिल्याच अध्यायात नऊ प्रकारच्या सुया येतात, काही टोचायच्या, काही रक्त काढायच्या, काही पू फोडायच्या. आज आपण पाहतो ती केसाएवढी बारीक सुई फार पुढची. पुढे तिसऱ्या शतकात हुआंगफू मी यांनी ३४९ बिंदू नीट लावून ठेवले.

मला स्वतःला सर्वांत भावतो तो वांग वेइयींचा ब्राँझचा माणूस. सुंग राजवटीत, १०२७ च्या सुमाराला, पुरुषभर उंचीचे दोन पोकळ पुतळे ओतले आणि प्रत्येक बिंदूच्या जागी भोक ठेवलं. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण थापायचं आणि आत पाणी भरायचं. विद्यार्थ्याची सुई बरोबर जागी गेली की पाणी बाहेर येणार, चुकली तर सुई धातूवर अडणार. मी वर्षानुवर्षं मुलांच्या तोंडी परीक्षा घेतल्या. इतकी निःपक्षपाती परीक्षा मला कधी घेता आली नाही.

विचार काय, तर शरीरात 'ची', म्हणजे जीवनशक्ती, वाहते. बारा मुख्य वाहिन्या, सहा यिन आणि सहा यांग (एकमेकांना पूरक अशा दोन बाजू), एकेका आतल्या अवयवाशी जोडलेल्या. मधल्या रेषेतल्या पुढच्या-मागच्या दोन धरून चौदा. जिथे प्रवाह अडतो तिथे दुखतं. कोपरापासून बोटांपर्यंत आणि गुडघ्यापासून पावलापर्यंतच्या खास बिंदूंना त्यांनी पाण्याचीच नावं दिली: बोटाच्या टोकाला विहीर, मग झरा, ओढा, नदी, आणि कोपर-गुडघ्याशी समुद्र. आपली कृष्णा महाबळेश्वरला एवढीशी असते आणि हरिपूरला वारणा मिळाल्यावर केवढी होते, तसाच प्रवाह बोटांकडून आत मोठा होत जातो असं त्यांनी मानलं. आईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. मोठ्या आतड्याची म्हणून जी वाहिनी आहे ती तर्जनीच्या टोकापासून निघून हात, खांदा, मान करत नाकाशेजारी पोचते, म्हणून दातासाठी हाताला सुई. गुडघ्यासाठी वाटीखालचे दोन खळगे आणि त्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरचा 'झूसानली' हे नेहमीचे बिंदू. झूसानली ज्या जठराच्या वाहिनीवर आहे ती डोळ्याखालून निघून छाती-पोट-मांडीवरून पायाच्या दुसऱ्या बोटापर्यंत जाते.

आणि हे मी स्पष्ट सांगते: या वाहिन्या शवविच्छेदनात सापडत नाहीत. मी आयुष्यभर मुलांच्या हाती चाकू देऊन शरीर दाखवलं आहे. शिरा, धमन्या, मज्जातंतू दिसतात, 'ची'ची वाट दिसत नाही. ती मांडणी त्या काळच्या निरीक्षणावर आणि तत्त्वज्ञानावर उभी आहे.

कराडचा_वाचक

मॅडम, माहिती छान, पण बौद्ध भिक्षू बोधिधर्म चीनला गेला हे तर जगजाहीर आहे. तिथल्या शाओलिन मठात त्याने युद्धकला शिकवल्या, त्याबरोबर मर्मविद्या गेली असणारच. आपलं ज्ञान आपणच नाकारायचं का?

शारीर_सातारा

नाकारत नाही, वर्षं बघते. बोधिधर्माचा काळ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातला. बौद्ध धर्मच चीनमध्ये पोचला तो पहिल्या शतकाच्या आसपास. मानचंगच्या सुया त्याआधी शंभराहून अधिक वर्षं जमिनीखाली गेल्या होत्या. 

भारतातून चीनला एक सुई मात्र नक्की गेली, आणि तिची आठवण कुणी काढत नाही याचं मला वाईट वाटतं. ती मोतीबिंदूची. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, डोळ्यातला मोतीबिंदू बाजूला सारण्याची क्रिया आहे. थांग राजवटीत भारतीय नेत्रवैद्य चीनमध्ये ती 'सोन्याची सुई' म्हणून करत, आणि ल्यू युशी या चिनी कवीने अशाच एका ब्राह्मण नेत्रवैद्याला उद्देशून कविता लिहिली आहे. सातव्या शतकातल्या सुन स्झिम्याओ यांच्या ग्रंथात भारतीय मर्दनाची पद्धतही नोंदलेली आहे. अभिमान बाळगायचा तर असा पुरावा हाताशी आहे.

देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली असू शकते. नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतात नाही, ती आपल्याकडे पुष्कळ नंतरच्या शार्ङ्गधरसंहितेत येते. चीनमध्ये वांग शूह यांचा नाडीवरचा ग्रंथ तिसऱ्या शतकातला. मी हे वर्गातही सांगत असे आणि मुलांचा आयुर्वेदावरचा विश्वास त्याने कमी झालेला मी पाहिला नाही.

अलीकडचं सांगायचं तर, १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते शल्यचिकित्सक, १९४२ मध्ये तिकडेच वारले. त्याच पथकातले विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात ही पद्धत रुजली ती मुख्यतः तिथून.

चीनमध्येही तिची परंपरा अखंड मानाने चालली असं नाही बरं. १८२२ मध्ये सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर बंद केलं. विसाव्या शतकात चंग दानआन यांनी नव्या शारीराच्या आधारे बिंदूंच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर नेल्या आणि बारीक सुया प्रचारात आणल्या. आज आईंना जी टोचतील ती सुई बरीचशी त्यांची.

मिरज_फिजिओ

धाकट्या भावासाठी लिहितो. थोतांड म्हणून सोडून देता येणार नाही आणि चमत्कारही नाही. जर्मनीत गुडघ्याच्या झिजेवर हजारावर रुग्णांची मोठी चाचणी झाली, निकाल २००६ मध्ये आला. सहा महिन्यांनी पारंपरिक बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्क्यांना चांगला फरक पडला. मुद्दाम भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्या गटात ५१ टक्के. औषधं आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांत २९ टक्के. म्हणजे सुया घेणाऱ्यांना आराम जास्त पडला, पण बिंदू नेमका असण्याने फारसा फरक पडला नाही. मॅडमच्या ब्राँझच्या पुतळ्यापुढे हा निकाल ठेवून विचार करण्यासारखं आहे. वेदना का कमी होते याचा एक धागा १९७० च्या दशकात मिळाला: नॅलोक्झोन हे अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखणारं औषध दिलं की सुयांनी आलेला आराम कमी होतो, म्हणजे शरीरातली स्वतःची वेदनाशामकं त्यात भाग घेतात.

सांध्यातली झिजलेली कूर्चा सुईने भरून येत नाही. आईंना मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम चालू ठेवायलाच हवेत.

हळदवाले_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅडम, तुमचं क्षिप्र मर्माचं लिहिलेलं मामांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते दोन दिवस आपला पंजा दाबून बघतायत. आईला वाहिनीचं समजावलं, तिला पटलं. ती सुया घ्यायला तयार आहे. आता दोन शंका. तिला हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे आणि साखरही आहे. शिवाय तिथे सुईबरोबर कसला तरी शेक देतात म्हणे, तो काय असतो?

शारीर_सातारा

शेक म्हणजे 'मोक्सा'. जोतिबाला आपण वाहतो त्या दवण्याच्याच कुळातल्या एका वनस्पतीची पानं वाळवून, कुटून कापसासारखी करतात, त्याची कांडी पेटवून बिंदूजवळ धरतात किंवा सुईच्या बाहेर राहिलेल्या टोकाला लावतात. मावांगदुईच्या ग्रंथांतला शेक या जातीचा. पण आईंना साखर आहे, पायाची संवेदना कमी असेल तर चटका बसलेला कळणार नाही. त्यांना शेक नको म्हणून सांगा.

मिरज_फिजिओ

गोळीचं नाव पहिल्याच भेटीत सांगा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका. पेसमेकर असेल तर सुयांना वीजप्रवाह लावू द्यायचा नाही. सुया तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून काढायला लावा, एकदा वापरून टाकायच्या असतात. पूर्वी परत वापरलेल्या सुयांमधून कावीळ पसरल्याच्या घटना झाल्या आहेत. आईंना झोपवूनच घ्या, बसून घेतल्या तर भोवळ येऊ शकते. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक बघायला संकोच करू नका. काही बैठकांनंतर जिन्यावर फरक दिसत नसेल तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे परत जा. येताना एक्स-रे घेऊन मिरजेला आलात तर व्यायाम मी दाखवतो.