नाकातला मायग्रेन स्प्रे मारल्यावर छाती आवळते, पुढे घ्यावा की नाही?

डोकं_धरून_बसलेली:
आठेक वर्षं अर्धशिशी आहे, महिन्यातून तीन-चारदा तरी अंधाऱ्या खोलीत पडून राहायची वेळ येते. उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकतच नाही म्हणून डॉक्टरांनी सुमाट्रिप्टानचा २० मिलिग्रॅमचा नाकातला स्प्रे दिलाय. पहिल्यांदा मारला तर घशात असलं काही कडू उतरलं की त्यानेच उलटी झाली. दुसऱ्यांदा डोकं तासाभरात उतरलं, पण छाती आणि जबडा आवळल्यासारखं झालं, दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप गेलं. घरी कोणाला सांगितलं नाही. नाकातून घेतलेलं औषध गोळीपेक्षा सौम्यच असतं ना? मग हे कशामुळे?

रात्रपाळी:
कडूपणावर आधी सांगते, मी तीन वर्षं हाच वापरतेय. डोकं मागे टाकून मारता का? तसं करू नका, सगळं सरळ घशात जातं. मान सरळ, एक नाकपुडी बंद, दुसरीत स्प्रे आणि हळू श्वास, जोरात ओढायचं नाही. नंतर लगेच काहीतरी गोड चघळायला ठेवायचं. आणि हो, 'चालतोय का बघू' म्हणून हवेत मारून बघायचा नाही, त्यात एकच डोस असतो, मी एक असाच घालवलाय 😅

औषधाचं_दुकान:
फार्मासिस्ट आहे, तुमचा डॉक्टर नाही, हे धरून वाचा. ताई, सौम्य बिम्य काही नसतं हो. नाकातून का देतात, तर मायग्रेनमध्ये पोटाचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते, वर उलट्या. औषध मात्र तेच. सुमाट्रिप्टान रक्तवाहिन्या आकुंचित करतं, मेंदूभोवतीच्या तर करतंच पण थोडंफार हृदयाच्याही. छाती, गळा, जबडा आवळणं बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेक वेळा हृदयाशी संबंध नसतो, पण 'बहुतेक' हा शब्द विसरू नका. हार्टचा त्रास, आधी झालेला स्ट्रोक किंवा ताबा नसलेलं बीपी असेल तर हे औषध घ्यायचंच नाही. तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाहीये हीच गोष्ट मला खटकली, पुढचा डोस घ्यायच्या आधी फोन करा. आणि मधेच कधी आवळणं थांबेना, घाम फुटला, हात दुखायला लागला तर फोन नाही, सरळ इमर्जन्सी.

२० चा एक डोस, डोकं परत उठलं तरच दोन तासांनी दुसरा, २४ तासांत ४० च्या वर नाही. एर्गोटामाइन किंवा डायहायड्रोएर्गोटामाइन (ही मायग्रेनचीच जुनी औषधं) घेतलं असेल तर मध्ये २४ तास जाऊ द्या, दोन्ही रक्तवाहिन्याच आवळतात. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा.

सायनसवाला_नव्हे:
माझी चूक वेगळीच. डोकं दुखताना नाकही चोंदायचं म्हणून मी सायनस समजून दुकानातला नाक मोकळं करणारा स्प्रे मारत राहिलो, आठवडेच्या आठवडे. तो तीन-पाच दिवसांच्या वर वापरला की नाक उलट जास्त बंद होतं, मग अजून मारा, चक्र सुरू. शेवटी निघालं मायग्रेनच. मग ट्रिप्टान, म्हणजे सुमाट्रिप्टानच्या गटातल्या औषधाचा, स्प्रे मिळाला तर तोही सढळ हाताने, डोकं जरा जड वाटलं की फुस्स. महिन्यात दहा किंवा जास्त दिवस ट्रिप्टान घेत गेलं की औषधानेच डोकं दुखायला लागू शकतं, माझं तेच झालं. आता कॅलेंडरवर फुली मारतो.

डोकं_धरून_बसलेली:
बापरे. बीपी मी वर्षभर मोजलंच नाहीये आणि वडिलांना लवकर हार्ट अटॅक आला होता, हे डॉक्टरांना सांगितल्याचं आठवत नाही. ट्रिप्टान बंदच झालं तर दुसरं काही आहे का नाकातलं?

औषधाचं_दुकान:
मग आज फोन कराच, वडिलांचं आधी सांगा. झावेगेपँट म्हणून एक आहे, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, ते सीजीआरपी, म्हणजे मायग्रेनमागे असणारं शरीरातलं एक रसायन, अडवतं, ट्रिप्टानसारखं रक्तवाहिन्या आवळून काम करत नाही. तुमच्याकडे मिळतं का आणि तुम्हाला चालेल का ते डॉक्टरच ठरवतील. चवीची तक्रार मात्र त्यातही आहेच 🙂

डोकं_धरून_बसलेली:
फोन केला. उद्या सकाळी ईसीजी आणि बीपी, तोवर स्प्रे कपाटात.