दूरशिक्षणात विद्यार्थी वाढवायचेत, पण स्वाध्याय तपासणार कोण?

समासातली_शाई (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

गेली अकरा वर्षं मी एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे महिन्यातून एकदा संपर्क सत्र घेते, आणि बाकी सगळा वेळ स्वाध्याय तपासते. माझे विद्यार्थी शाळा संपल्यावर थेट नोकरीला लागलेले, घरात लहान मूल असलेले, कुणी आजाऱ्याची काळजी घेणारे. रोज वर्गात येऊन बसणं त्यांना कधीच जमणार नाही.

सध्या या विषयाला १८० जण आहेत आणि आम्ही तिघं समंत्रक. पुढच्या वर्षी प्रवेश ३,००० पर्यंत न्यायचे ठरलंय. मला याचा मनापासून आनंद आहे. जागा नाही म्हणून परत गेलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिलेत. आराखडाही हातात आलाय. त्यात चित्रफिती आहेत, ॲप आहे, आपोआप गुण देणाऱ्या प्रश्नपेढ्या आहेत. स्वाध्यायापुढे मात्र एकच ओळ: ‘तपासणी – सध्याच्या व्यवस्थेनुसार’.

मला भीती कशाची वाटते ते एका उदाहरणाने सांगते. मागच्या आठवड्यात एक स्वाध्याय हातात आला. वीस जणांचे गुण दिलेले, सरासरी काढायची. विद्यार्थ्याचं उत्तर ४०, अगदी बरोबर. प्रश्नपेढीने पूर्ण गुण दिले असते. पण खाली त्याने लिहिलं होतं, ‘म्हणजे बहुतेकांना ४० च्या आसपास गुण आहेत.’ दिलेल्या यादीत ४० च्या जवळपास एकही जण नव्हता! निम्मे २० च्या आसपास, निम्मे ६० च्या आसपास. समासात मी पेन्सिलीने लिहिलं, ‘४० गुण मिळालेला एक तरी विद्यार्थी यादीत शोधून दाखवा. सापडला नाही तर हा ४० नेमका कुणाचा?’ त्याचा पुढचा स्वाध्याय आला तेव्हा न सांगता त्याने आधी आलेख काढला होता.

हे ३,००० जणांसाठी कसं करायचं? समितीसमोर बोलायला मला दहा मिनिटं मिळणार आहेत. नेमकं काय मागू?

रात्रपाळी

ताई, विद्यार्थी म्हणून माझा अनुभव सांगतो, उपयोग झाला तर बघा.

मी दूरशिक्षणाने दोनदा पदवी करायला घेतली. पहिल्या वेळी पहिला स्वाध्याय पाठवला तो पाच महिन्यांनी परत आला. तोवर परीक्षा होऊन गेली होती. प्रत्येक पानावर एक बरोबरची खूण आणि शेवटी २० पैकी १४. सहा गुण कुठे गेले ते कळायला मार्ग नव्हता. पानं उलटीपालटी करून पाहिली, एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. रात्रपाळीत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, उभ्याउभ्या लिहिलेला स्वाध्याय होता तो. त्यानंतर पुढचं पुस्तक उघडायचा धीर झाला नाही. अभ्यासक्रम सोडल्याचं कुणी विचारलंही नाही.

चार वर्षांनी दुसरीकडे नाव घातलं. तिथे बाराव्या दिवशी स्वाध्याय परत आला, सोबत अर्ध्या पानाचं पत्र. गुण कमीच होते, ११. पण पत्रात लिहिलं होतं की तिसऱ्या प्रश्नात तुमचा विचार योग्य दिशेने गेलाय, शेवटच्या दोन पायऱ्या गाळल्यात, त्या लिहून पुन्हा पाठवा. ते पत्र मी पाकिटासकट जपून ठेवलंय. पदवी पूर्ण झाली.

चौदावाल्याने सोडलं आणि अकरावाल्याने पूर्ण केलं, माणूस तोच. समितीला हे जरूर सांगा.

आराखडा

मी निवृत्त आहे. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांचं नियोजन हेच आयुष्यभराचं काम होतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नाची मुळं फार जुनी आहेत. आयझॅक पिटमन यांनी १८४० मध्ये इंग्लंडमध्ये टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून पाठवत आणि तो दुरुस्त होऊन परत येई. म्हणजे दुरुस्ती हाच तिथे पाठ होता. पुढे १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने बहिःस्थ विद्यार्थ्यांना पदवीची दारं उघडली. मोठीच गोष्ट होती ती, जगभरच्या लोकांना तिचा लाभ झाला. पण विद्यापीठ परीक्षा घेई, शिकवत नसे. दूरशिक्षणाला असे दोन पूर्वज आहेत. घाईने विस्तार केला की आपण नकळत दुसऱ्याच्या वाटेला लागतो: पुस्तक दिलं, परीक्षा घेतली, झालं.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं. प्रवेशाला आधीच्या पात्रतेची अट नाही, पहिल्याच वर्षी २० हजारांहून अधिक विद्यार्थी. लोकांच्या लक्षात राहिले ते तिचे दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम, पण डोलारा उभा होता तो छापील साहित्यावर आणि शिक्षकांनी तपासलेल्या स्वाध्यायांवर. एवढंच नाही, तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काही दुसरे अनुभवी लोक पुन्हा पाहत. गुण ठीक दिलेत का हे तर पाहतच, शिवाय शेऱ्यातून विद्यार्थ्याला काही शिकता येईल का हेही पाहत. तुमच्या मागण्यांत ही फेरपाहणी जरूर घाला. तपासणी वाढते तेव्हा ती पातळ होते, आणि बाहेरून कुणाला ते दिसत नाही.

मायकेल मूर यांची या क्षेत्रातली मांडणी प्रसिद्ध आहे. त्यांच्या मते दूरशिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं, ते समजुतीतलं आणि संवादातलं असतं. संवाद वाढला की अंतर कमी होतं. तुमची पेन्सिलीची ओळ म्हणजे तो संवाद.

आता खर्च. चित्रफीत एकदा करायची, मग पाहणारे १८० असोत की ३,०००. तपासणी मात्र प्रत्येक डोक्यामागे वाढते. नियोजन करणाऱ्यांना पहिला खर्च सोयीचा आणि दुसरा गैरसोयीचा वाटतो, म्हणून तो ‘सध्याच्या व्यवस्थेनुसार’ या शब्दांत लपतो. तिथे आकडा लिहायला लावा. वर्षाला चार स्वाध्याय आणि एकाला २५ मिनिटं धरली तर ३,००० विद्यार्थ्यांचे १२,००० स्वाध्याय, म्हणजे ५,००० तास. समंत्रक आठवड्याला पाच तास देणार, वर्षात ४० आठवडे. माणशी २०० तास. म्हणजे २५ समंत्रक हवेत.

ध्वनिलेखन

थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नका.

मी शैक्षणिक ध्वनिफिती करते, मुख्यतः दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. रेकॉर्ड केलेल्या साहित्याला इथे दुय्यम ठरवलं जातंय असं वाटलं. ज्याला छापील पुस्तक वाचता येत नाही त्याचा वर्ग तिथेच भरतो. फक्त ते नीट केलेलं असावं. पडद्यावर बोट दाखवून ‘हे इथे पाहा’ म्हणणारी चित्रफीत माझ्या विद्यार्थ्यांना बंद दारासारखी असते. आलेख वर चढतो की खाली उतरतो, कुठे वळतो, हे तोंडाने सांगायला हवं. फाइल लहान हवी आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालायला हवी.

प्रश्नपेढीचंही तसंच. आकडेमोडीच्या चुका यंत्राने धरल्या तर समंत्रकाचा तेवढा वेळ ‘म्हणजे काय?’ या ओळीसाठी उरेल. ताई, तुम्ही दोन्ही मागा.

मोकळे_पान

ध्वनिलेखन, तुमच्याशी सहमत. एक भर घालतो. सगळं साहित्य नव्याने करण्यात पैसे का घालायचे? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपलं अभ्यासक्रमाचं साहित्य सर्वांना खुलं करायचं २००१ मध्ये जाहीर केलं. २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ हा शब्दप्रयोग रूढ झाला आणि २०१९ मध्ये युनेस्कोने त्यावर शिफारसही स्वीकारली. मूळ संख्याशास्त्र सगळीकडे सारखंच. परवाना मुक्त असेल तर भाषांतर करा, उदाहरणं बदला, वापरा. वाचलेले पैसे समंत्रकांकडे वळवा.

आणि नुसतं उत्तम साहित्य उघडं ठेवून भागत नाही हेही आपण पाहिलंय. २०१२ पासून मोठमोठ्या विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट मिळू लागले, नावं लाखांनी नोंदली गेली, पण बहुतेक अभ्यासक्रम पूर्ण करणारे शंभरात दहासुद्धा नव्हते. नोंदणी करणाऱ्या सगळ्यांनाच पूर्ण करायचं होतं असं नाही, हे मान्य. पण समितीने प्रवेशाच्या आकड्याबरोबर दुसरा स्वाध्याय पाठवणाऱ्यांचा आकडाही दर वर्षी मांडावा. गळती तिथेच सुरू होते.

समासातली_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ध्वनिलेखन, आलेख तोंडाने सांगायचं मला कधी सुचलंच नव्हतं. येत्या संपर्क सत्रापासून सुरू करते.

आराखडा, तुमचा हिशेब वहीत मांडून पाहिला आणि एका जागी अडले. २५ समंत्रक म्हणजे प्रत्येकाकडे १२० विद्यार्थी. वर्षाचे तास बरोबर बसतात. पण स्वाध्याय वर्षभर थोडे थोडे येत नाहीत, शेवटच्या तारखेला सगळे एकदम येतात. १२० गुणिले २५ मिनिटं, म्हणजे एका खेपेला ५० तास. आठवड्याला पाच तास म्हणजे दहा आठवडे. दहाव्या आठवड्यात मिळालेला शेरा कुणाच्या काय उपयोगाचा? रात्रपाळी यांचीच गोष्ट पुन्हा घडायची.

आराखडा

बरोबर पकडलंत. मी सरासरी धरून चाललो, माझी चूक. हिशेब उलटा करा. स्वाध्याय किती आठवड्यांत परत जायला हवा ते आधी ठरवा आणि त्यावरून माणशी विद्यार्थी काढा. मी तीन आठवडे म्हणेन. तीन आठवड्यांत पंधरा-सोळा तास, म्हणजे ४० च्या आतच विद्यार्थी. फक्त ते २५ मिनिटं मी अंदाजाने धरलंय. समितीत पहिला प्रश्न त्यावरच येईल. तुम्ही स्वतः मोजून घ्या.

समासातली_शाई

काल रात्री घड्याळ लावून पाच स्वाध्याय तपासले. १८, ३१, २२, ४० आणि २७ मिनिटं. सरासरी साडेसत्तावीसच्या थोडी वर. २८ धरली तर तीन आठवड्यांत एका समंत्रकाला जेमतेम ३५ जमतील, तेही सोळा तासांच्या वर जाऊन. ३,००० ला ८६ समंत्रक. आकडा मोठा आहे, पण मी तोच लिहून नेणार आहे. सोबत तीन आठवड्यांची मुदत, शेऱ्यांची फेरपाहणी आणि दुसऱ्या स्वाध्यायाचा आकडा.

४० मिनिटं ज्या स्वाध्यायाला लागली तो एका बाईंचा आहे. शाळा सोडून त्यांना सतरा वर्षं झालीत. पहिल्या पानावर अपूर्णांकाची चूक होती आणि ती पुढे प्रत्येक उत्तरात शिरली होती. मी चूक जिथे सुरू झाली तिथवर मागे गेले, तो एकच अपूर्णांक सोडवून दाखवला आणि लिहिलं, ‘इथून पुढची तुमची रीत सगळीकडे बरोबर आहे.’ समितीला दाखवायला त्या पानाची नाव झाकलेली प्रत काढून घेतलीय. मूळ पान आज सकाळच्या टपालाने त्यांच्याकडे गेलं.