पालिकेच्या गाळ्यात ‘गेम पार्लर’ असावे का?

मूळ लेख : माध्यमिक शिक्षक, जळगाव जिल्हा

आमच्या नगरपालिकेच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढे एक विषय घ्यावा, असा अर्ज आम्ही काही पालकांनी दिला आहे. मागणी दोनच गोष्टींची आहे. पालिकेच्या मालकीच्या व्यापारी संकुलातील गाळे व्हिडिओ गेम पार्लर किंवा ऑनलाइन लॉटरी केंद्राला भाड्याने देऊ नयेत, आणि शाळा, बसस्थानक व बाजार समितीच्या परिसरात अशा दुकानांना पालिकेने ना हरकत दाखला देऊ नये.

या दुकानांचा परवाना करमणुकीचा असतो. आत मात्र काउंटरवरचा माणूस रोख पैसे घेऊन यंत्रावर पॉइंट भरून देतो, पडद्यावर चक्री फिरते, आणि पॉइंट शिल्लक राहिलेच तर ते मागच्या दाराशी पुन्हा रोखीत मोडून मिळतात. पॉइंटची रोकड झाली की ती करमणूक उरत नाही, तो जुगार होतो.

गेल्या हंगामात माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील अशाच एका दुकानाच्या पायरीवर बसलेले मला दिसले. सकाळी कापूस विकून आलेली पट्टी त्यांच्या हातात होती. घडी घालून, उलगडून तो कागद मऊ पडला होता. त्यावरच्या रकमेतून मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची होती आणि खताची उधारी फेडायची होती. ‘आते घर काय सांगू, सर?’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या गावाची शेवटची एसटी लागेपर्यंत मी त्यांच्याजवळ बसून राहिलो, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

प्रतिसाद : किराणा व्यापारी, धुळे

सर, आपली तळमळ मला मान्य आहे, पण मार्ग मान्य नाही. पैजा आणि जुगार हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील 34 व्या क्रमांकावर आहे. त्यासाठी 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि तो राबवण्याचे काम पोलिसांचे आहे. ज्या पालिकेला चार दिवसांआड येणारे पाणी दोन दिवसांआड करता येत नाही, तिने हे नवे ओझे कशासाठी घ्यावे? उद्या एखादा नगरसेवक ‘हे पार्लर, ते पार्लर’ करत दुकानदारांकडे हात पसरू लागला, तर त्याला आवरणार कोण?

दुसरे असे की, शासन स्वतः 1969 पासून लॉटरीची तिकिटे विकत आले आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला तर आपल्या खान्देशात गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात आणि त्यात वडीलधारी माणसेही असतात. दुकान बंद केले की सट्ट्याची चिठ्ठी पानटपरीवर जाईल, चक्री मोबाईलमध्ये जाईल आणि पालिकेचे भाडे तेवढे बुडेल.

प्रतिसाद : बचत गटाची कार्यकर्ती, शहादा तालुका

भाऊ, आखाजीचे उदाहरण आपण द्यायला नको होते. तो वर्षातला एक सण आहे. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणतात आणि पुरुष ओट्यावर पत्ते खेळतात. हे दुकान रोज सकाळी उघडते. आमच्या गटातील ज्या बाईचा हप्ता थकतो, तिच्या घरी जाऊन बसले की पुष्कळदा कारण दारू किंवा आकडा हेच निघते, आणि ते ती बाई नवऱ्यादेखत सांगत नाही.

दारूच्या दुकानासाठी आपल्या राज्यात ‘आडवी बाटली’ आहे; प्रभागातील महिलांना मतदान करून दुकान बंद पाडता येते. मग चक्रीच्या दुकानाबाबत आमचे मत कोणीच का विचारू नये? माझ्या दृष्टीने शिक्षकांची मागणी अपुरी आहे.

प्रतिसाद : मूळ लेखक

ताईंची सूचना मला पटते. मात्र तसे मतदान घेण्यासाठी नियम राज्य शासनाला करावे लागतील. पालिका फार तर तशी शिफारस करणारा ठराव करू शकेल.

धुळ्याच्या बंधूंनी अधिकाराचा मुद्दा बरोबर मांडला आहे, आणि म्हणूनच आमच्या अर्जात बंदी हा शब्द नाही. पोलिसांचे काम पालिकेने करावे, असे आम्ही म्हणत नाही. गाळ्याची मालक मात्र पालिकाच आहे, आणि आपल्या जागेत काय चालावे हे प्रत्येक मालक भाडेकरारात लिहून घेतो. लॉटरीचे म्हणाल, तर 1998 च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने एकाच अंकावर बक्षीस ठेवण्यास मनाई केली आहे, आणि या केंद्रांत बहुतेक खेळ त्या एका अंकावरच चालतो. मोबाईलवरील पैशांच्या खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये केला. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा भेद ठेवलेला नाही. मोबाईलमधली चक्री जर कायद्याला चालत नाही, तर ती पालिकेच्या छपराखाली का चालावी?

भाडे बुडेल, हे मी नाकारत नाही. माझ्या मते ते बुडू द्यावे.

प्रतिसाद : किराणा व्यापारी, धुळे

भाडेकरारातील अटीला माझा विरोध नाही, हे मी स्पष्ट करतो. मालकाचा तो हक्क आहे. ना हरकत दाखल्याच्या मागणीला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण ‘परिसर’ म्हणजे किती मीटर हे आपल्या अर्जात कोठेही लिहिलेले नाही. ते अंतर, आणि कोठून कोठपर्यंत मोजायचे हे, आधी लिहा. तोवर त्या शब्दाचा अर्थ ज्याच्या हातात शिक्का असेल तोच लावील.