माझगावच्या आणि मेलबर्नच्या देवळाचं नाव एकच कसं काय?

भायखळा_स्लो:
मंडळी एक शंका आहे. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाण्यासारखं एक चिनी देऊळ आहे, सी यप कून, १९१९ चं, बऱ्याच जणांनी बघितलं असेल. गेल्या रविवारी गेलेलो, सगळं लालेलाल, उदबत्त्या, आणि क्वान कुंग म्हणून एका सेनापती देवाची पूजा. फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले तर मेलबर्नची भाची म्हणते, मामा इकडे पण सी यप देऊळ आहे, देव पण तोच, १८५६ पासूनचं, सोन्याच्या खाणींवर आलेल्या चिनी लोकांचं. आता हे यप म्हणजे कोणी देणगीदार शेट होते की काय? आणि माझगावात कुठे आलं सोनं?

जुनी_वही:
शेट नाही हो 😄 सी यप म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनमधल्या कँटन शहराच्या नैऋत्येला असलेले चार, तिथले लोक जिथे जिथे गेले तिथे त्यांनी आपलं मंडळ काढलं आणि मंडळाबरोबर देऊळ. सॅन फ्रान्सिस्कोला ते सोन्याचा डोंगर म्हणायचे, मग १८५१ ला ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया नावाच्या वसाहतीत सोनं सापडल्यावर मेलबर्न झालं नवा सोन्याचा डोंगर. सॅन फ्रान्सिस्कोचं चिनी नाव आजही जुना सोन्याचा डोंगर असंच आहे.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. लोंढा वाढला म्हणून व्हिक्टोरियाने १८५५ ला कायदा केला, उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे १० पौंड कर, वर जहाजाच्या दर १० टनांमागे एकच चिनी. मग कप्तानांनी काय केलं, शेजारच्या साऊथ ऑस्ट्रेलियात रोब नावाचं बारकं बंदर होतं तिथे यांना उतरवायला सुरुवात केली, तिथे कर नव्हता ना. तिथून खाणी चारशे किलोमीटरच्या वर, आणि हे सगळं पायी, खांद्यावर कावड, एकामागे एक रांग. म्हणजे मुंबईहून सावंतवाडीला चालत निघण्यातला प्रकार. असे १६ हजारांच्या आसपास लोक गेले. १८५७ ला अशाच एका तुकडीला वाटेत विसाव्याच्या जागी सोनं लागलं, आजचं अरारात शहर तिथेच आहे.

लालबागकर:
वरचं मंडळ वाचून हसू आलं, हे तर आपल्या गावकीच्या खोल्यांसारखंच झालं की. आमचे आजोबा गिरणीत होते तेव्हा एका खोलीत एकाच गावचे पंचवीस तीस बाप्ये, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर. ते चिनी पण जवळपास सगळे पुरुषच ना? जहाजाच्या भाड्याचे पैसे बहुतेकांनी कर्जाने उचललेले असतील, गावी बायका वाट बघतायत.

जुनी_वही:
हो, अगदी तसंच. क्वान कुंग म्हणजे दिलेल्या शब्दाचा आणि भाऊबंदकीचा, म्हणजे चांगल्या अर्थाने भाऊपणाचा देव, त्यामुळे परमुलखात त्याचंच देऊळ आधी.

स्पष्ट_बोलतो:
पण गोऱ्यांचा राग उगाच होता का? बाहेरचे येऊन सोनं उपसून नेणार तर स्थानिक लोक चिडणारच.

तिखटमीठ:
स्थानिक?? गोरे तरी कुठले स्थानिक, तेही बोटीनेच आलेले, खरे स्थानिक वेगळेच. आणि चिनी बरेचदा गोऱ्यांनी सोडून दिलेले खड्डे आणि टाकलेला गाळ परत धुवायचे. आपल्याकडे झवेरी बाजारात झारेकरी दुकानासमोरची धूळ झाडून गटारातला गाळ धुवून सोन्याचे कण काढतात ना, तोच चिकटपणा. ते बघूनच बाकीच्यांचं पोट दुखायचं. ४ जुलै १८५७ ला व्हिक्टोरियातल्या बकलंड नदीवरून त्यांना मारून हाकललं, तंबू आणि देऊळ जाळलं. १८६१ ला शेजारच्या न्यू साऊथ वेल्समध्ये लॅम्बिंग फ्लॅटच्या खाणींवर परत तेच, चिनी पुरुषांच्या लांब वेण्या कापल्या, सामान लुटलं. कर भरून घ्यायचा आणि वर मार पण द्यायचा.

भायखळा_स्लो:
बापरे. भाचीने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पण माझगावचं कोडं तसंच राहिलं.

जुनी_वही:
माझगावात सोनं नाही, गोदी होती. इकडे आले ते जहाजांवरची कामं करणारे, सुतार, खलाशी, तालुके मात्र तेच. आणि हातासरशी हेही लिहितो, ही माणसं गाव सोडून का निघाली, तर अफूची युद्धं, बंडाळ्या, गावागावातल्या मारामाऱ्या. ती माळव्याची अफू कँटनला जायची आपल्याच मुंबई बंदरातून, आणि फोर्टातल्या कितीतरी पेढ्या त्यावर मोठ्या झाल्या. तेव्हा सोनं कुठे आलं म्हणाल तर थोडंफार आलंच की आपल्याकडे.

भायखळा_स्लो:
🙏 भाचीला सगळं फॉरवर्ड केलं आणि विचारलं, तिकडे देवळात आत कसं आहे. म्हणाली, आत कशाला जातेय मामा, गाडीतून पाटी तेवढी वाचलीये.